होस्टवरून लागतो, बाहेरून लागत नाही: केव्हीएमवरच्या एका सर्व्हरच्या दुरुस्तीच्या नोंदी

आधी मांडणी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. होस्टवर, म्हणजे मूळ मशीनवर, डेबियन १२ आहे, त्यावर आभासी मशीन (व्हीएम) चालवणारं केव्हीएम आणि त्यांचा कारभार पाहणारं लिबव्हर्ट. नेटवर्क कार्ड एकच, ईएनपी३एस०, आणि ते बीआर० या ब्रिजला, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या स्विचला, जोडलेलं. तीन व्हीएम आहेत. दोन लिबव्हर्टच्या नेहमीच्या नॅट (होस्टच्या पत्त्याआडून बाहेर जाणाऱ्या) नेटवर्कवर, म्हणजे व्हर्बीआर०च्या मागे १९२.१६८.१२२.०/२४ या पट्ट्यात. तिसरी 'भांडार'. तिच्यावर आमच्या चौघांच्या टीमचा सगळा कोड आणि कामांची नोंदवही आहे. ती थेट बीआर०वर बसते आणि राउटरकडून तिला कायम १९२.१६८.१.४० हाच पत्ता मिळतो. तीन आठवड्यांपूर्वी त्याच होस्टवर चाचण्या चालवण्यासाठी डॉकर (कंटेनर चालवणारं सॉफ्टवेअर) टाकलं होतं. हे वाक्य लक्षात ठेवा.

६ सप्टेंबर, रात्री ९:४०

होस्टचे अपडेट घेतले, रीबूट केलं. होस्ट दोन मिनिटांत परत आला, दोन्ही नॅटवाल्या व्हीएमही आल्या. भांडारला लॅपटॉपवरून एसएसएच (दूरच्या मशीनवर आज्ञा चालवायची सुरक्षित जोडणी) केलं तर बराच वेळ थांबून टाइमआउट. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलं असतं तर निदान पलीकडचं मशीन उत्तर देतंय हे कळलं असतं. टाइमआउटमध्ये तेवढाही धागा हाती लागत नाही.

होस्टवर लिबव्हर्टची 'व्हर्श लिस्ट' ही आज्ञा म्हणते भांडार रनिंग आहे. 'व्हर्श डोमिफॲडर' चालवली तर पत्त्याचा रकाना रिकामा, आणि त्यावरून मी ठरवून टाकलं की व्हीएमला पत्ताच मिळालेला नाही. निष्कर्ष पुढे खरा ठरला, पण त्याचा आधार चुकीचा होता. ही आज्ञा मुळात लिबव्हर्टच्या स्वतःच्या डीएचसीपीची (पत्ते वाटणाऱ्या सेवेची) नोंद वाचते. ब्रिजवरच्या व्हीएमला पत्ता राउटर देतो, त्यामुळे सगळं सुरळीत असतानाही हा रकाना रिकामाच दिसतो. 'सोर्स एआरपी' हा पर्याय जोडला की होस्टचा एआरपी तक्ता (कुठला आयपी पत्ता कुठल्या मॅक पत्त्याचा याची नोंद) वाचला जातो, निदान काहीतरी अर्थ निघतो. हे उमगेपर्यंत वीस मिनिटं गेली.

रात्री १०:३०

आत शिरायचं ठरवलं. 'व्हर्श कन्सोल भांडार' केलं. 'कनेक्टेड' असा मजकूर आला आणि पुढे नुसता काळा पडदा, एंटर दाबलं तरी हू की चू नाही. व्हीएमच्या आत सिरियल पोर्टवर लॉगिन विचारणारी सेवाच मी कधी सुरू केली नव्हती. कंट्रोल आणि उजवा चौकोनी कंस दाबून बाहेर आले.

मग व्हीएनसी, म्हणजे व्हीएमचा पडदा दुरून दाखवणारी सोय. 'व्हर्श व्हीएनसीडिस्प्ले'ने शून्य क्रमांक दिला, म्हणजे होस्टच्या १२७.०.०.१ वर ५९०० पोर्ट. एसएसएचचा बोगदा काढून लॅपटॉपवर तो पडदा उघडला. लॉगिन दिसलं, पण पासवर्ड कुठला? भांडारवर सगळे प्रवेश किल्लीने, रूटचा पासवर्ड कुलूपबंद. सुरक्षेसाठी मीच तसं केलं होतं. नेटवर्क गेल्यावर आत कसं जायचं याचा विचार मात्र तेव्हा केला नव्हता.

रात्री ११:५०

व्हीएम बंद केली. आधी डिस्कची प्रत काढली, ४० जीबी, पंचवीस मिनिटं लागली. मग लिबगेस्टएफएसमधल्या 'व्हर्ट-कस्टमाइझ'ने रूटला तात्पुरता पासवर्ड दिला. हे करताना व्हीएम पूर्ण बंदच हवी. चालू व्हीएमच्या डिस्कवर हे अवजार चालवलं तर फाइलसिस्टिम खराब होऊ शकते. रात्री थकून बसलेल्या माणसाच्या हातून हीच चूक होते, म्हणून प्रत आधी.

व्हीएम चालू करून आत गेल्यावर पहिलं काम केलं ते टीटीवायएस०वर सिरियल लॉगिन कायमचं सुरू करण्याचं. आता व्हर्श कन्सोल चालते. तुमच्याकडे व्हीएम असेल तर आजच, सगळं नीट चालू असताना, हे तपासून ठेवा.

आजचा हिशेब: साडेतीन तास.

७ सप्टेंबर, सकाळ

कन्सोलवरून पाहिलं. इंटरफेस चालू आहे, आयपीव्ही४ पत्ता नाही. लॉगमध्ये डीएचसीपीच्या मागण्या एकामागून एक जाताना दिसतात, शेवटी 'ऑफर मिळाली नाही'. मी राउटरला दोषी ठरवलं. राउटर रीस्टार्ट केला, राखीव पत्त्याची नोंद काढून पुन्हा घातली, ५२:५४:०० ने सुरू होणारा मॅक पत्ता अक्षर न् अक्षर जुळवला. तास गेला. त्याच राउटरवरून बाकी सगळ्या यंत्रांना पत्ते बिनतक्रार मिळत होते. एवढी एक गोष्ट पाहून मी थांबायला हवं होतं.

मग व्हीएमला हाताने १९२.१६८.१.४० दिला. होस्टवरून पिंग: उत्तर आलं! होस्टवरून एसएसएच: आत गेले! लॅपटॉपवरून मात्र पिंगही नाही. या नोंदींचं शीर्षक इथलंच आहे.

पण निम्मा प्रश्न लगेच सुटला. एसएसएचच्या 'प्रॉक्सीजंप'ने, म्हणजे आधी होस्ट आणि तिथून भांडार अशा दोन उड्यांत, लॅपटॉपवरून आत जाता येतं. बाकी तिघांच्या एसएसएच कॉन्फिगमध्ये ती एक ओळ घालायला सांगितली आणि दुपारच्या आत त्यांचं काम सुरू झालं. कोणी असल्याच अडचणीत असेल तर हे सगळ्यात आधी करा. लोकांचं काम चालू झालं की आपलं डोकंही शांत चालतं.

यानंतरचे दोन तास मी व्हीएमच्या आत घालवले. यूएफडब्ल्यू ही फायरवॉल बंद केली, एसएसएचडीचं (एसएसएचच्या सर्व्हरचं) कॉन्फिग उलटंपालटं केलं, सेवा चार वेळा रीस्टार्ट केली. बाहेरून साधं पिंग पोचत नसताना एसएसएचडीकडे बघण्यात काहीच अर्थ नव्हता. हात चालू ठेवायचे म्हणून मी ते करत राहिले.

७ सप्टेंबर, दुपारी ३

शंका आली: गेल्या महिन्याभरात होस्टवर नवीन काय आलं? डॉकर. ते नेटवर्कचे नियम घालतं एवढं माहीत होतं. डॉकरची सेवा आणि तिचं सॉकेट दोन्ही बंद केली, पिंग करून पाहिलं. फरक नाही. यादीतून डॉकरचं नाव खोडलं.

या सगळ्या प्रकरणातली सर्वांत महागडी नोंद ही. बरोबर जागी बोट ठेवलं होतं आणि तपासायची रीत चुकल्यामुळे ते उचललं. पुढचे दोन दिवस मी दुसरीकडेच शोधत होते.

आजचा हिशेब: सात तास.

८ सप्टेंबर

ब्रिजमध्येच काहीतरी बिघडलंय असं वाटून तो काढून टाकायचं ठरवलं. व्हीएमला कार्डावर थेट मॅकव्हीटॅपने जोडायचं, मध्ये ब्रिजच नको. बेत वाईट नव्हता, पण मी तो लॅपटॉपवरून एसएसएचने होस्टवर बसून अमलात आणला. ज्या ब्रिजवरून होस्टला जोडले होते तोच खाली घेतला आणि दुसऱ्या क्षणी जोडणी तुटली. होस्टला पडदा आणि कीबोर्ड जोडून फाइल दुरुस्त करेपर्यंत चाळीस मिनिटं गेली, आणि तेवढा वेळ टीमची दोन उड्यांची वाटही बंद.

मॅकव्हीटॅप लावल्यावर मात्र व्हीएमला राउटरकडून पत्ता लगेच मिळाला आणि लॅपटॉपवरून एसएसएच पहिल्या झटक्यात लागलं. इतका आनंद झाला की टीमला 'काम झालं' असं कळवूनही टाकलं.

रात्री होस्टवरून भांडारचा बॅकअप घेणारं काम चुकलं. होस्ट आता व्हीएमपर्यंत पोचतच नव्हता. मॅकव्हीटॅपची ही ओळखीची मर्यादा आहे: बाहेरच्या यंत्रांना व्हीएम दिसते, पण ज्या कार्डावर ती बसली आहे त्या होस्टला तिच्याशी थेट बोलता येत नाही. लिबव्हर्टच्या माहितीपत्रांत तसं लिहिलेलं आहे, मी ते बॅकअप चुकल्यावर वाचलं. ज्यांना होस्टशी बोलण्याची गरजच नाही त्यांच्यासाठी मॅकव्हीटॅप उत्तम आहे. मला बॅकअप हवा आहे, आणि तो न मिळता मी भांडार एक रात्रही ठेवणार नाही.

एक गोष्ट हाती लागली. व्हीएम निर्दोष, राउटर निर्दोष, केबल निर्दोष. दोष होस्टवरच्या ब्रिजच्या वाटेतच आहे.

आजचा हिशेब: पाच तास.

९ सप्टेंबर, संध्याकाळ

ब्रिज परत लावला, या वेळी होस्टसमोर बसून. व्हीएमला पुन्हा हाताने पत्ता दिला. आणि जे पहिल्याच रात्री करायला हवं होतं ते आता केलं: पॅकेट कुठपर्यंत येतं ते पाहणं. तीन खिडक्यांत टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारं अवजार) लावला, एक ईएनपी३एस०वर, एक बीआर०वर, एक व्हीनेट०वर. व्हीनेट० म्हणजे ब्रिजमधून व्हीएमकडे जाणारं तोंड.

लॅपटॉपवरून पिंग सुरू केलं. कार्डावर मागणी दिसली. बीआर०वरही दिसली. व्हीनेट०वर काहीच नाही. मात्र एआरपीचे प्रश्न व्हीनेट०वर दिसत होते आणि त्यांची उत्तरंही परत जात होती.

बीआर०ने इथे अर्धा तास फसवलं. तिथे दिसलं म्हणजे ब्रिजने पॅकेट पुढे सोडलं असा मी अर्थ लावला. टीसीपीडम्प लावला की तो इंटरफेस प्रॉमिस्क्युअस होतो (आपल्यासाठी नसलेलंही घेतो), आणि मग ब्रिज येणाऱ्या प्रत्येक चौकटीची (फ्रेमची) एक प्रत वर होस्टकडे देतो. आपल्याला दिसते ती ही प्रत. मूळ पॅकेट व्हीएमच्या तोंडाशी पोचलं की नाही हे फक्त व्हीनेट०वरच कळतं.

एआरपी जातं आणि आयपी जात नाही, म्हणजे केबल तुटलेली नाही, कोणीतरी निवडून अडवतंय. एवढं कागदावर लिहून मी एका जुन्या सहकारी ताईंना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"डॉकर आहे का तिथे?"

"होतं. बंद करून पाहिलं ताई, काही फरक नाही."

"अगं, बंद केलंस म्हणजे त्याने घातलेले नियम काढलेस का?"

फोन चालू असतानाच आयपीटेबल्सची, म्हणजे कर्नलच्या फायरवॉलची, फॉरवर्ड चेन (मशीनमधून पुढे जाणाऱ्या पॅकेटांच्या नियमांची यादी) आकड्यांसकट पडद्यावर आणली. पहिल्याच ओळीत पॉलिसी ड्रॉप, म्हणजे कुठलाच नियम लागू नसेल तर पॅकेट टाकून द्या. लॅपटॉपवरून २० पिंग सोडले आणि ओळीतला पॅकेटांचा आकडा २३ने वाढला. पुन्हा २०, पुन्हा तेवढीच वाढ. वरची तीन इतर यंत्रांच्या ब्रॉडकास्टची असावीत. खात्रीसाठी पॉलिसी क्षणभर ॲक्सेप्ट केली. त्याच सेकंदाला पिंगची उत्तरं यायला लागली.

नेमकं काय घडत होतं ते लिहिते, कारण हे न कळता नियम घातला तर पुढच्या रीबूटला पुन्हा इथेच याल.

ब्रिज हे स्विचसारखं, त्यातून जाणाऱ्या चौकटींशी आयपीटेबल्सचा संबंध नाही अशी माझी समजूत होती. बीआर_नेटफिल्टर नावाचं कर्नल मॉड्यूल लोड नसेल तोवर ती खरी आहे. ते लोड झालं की 'ब्रिज-एनएफ-कॉल-आयपीटेबल्स' ही सेटिंग आपोआप १ असते आणि ब्रिजमधून जाणारं प्रत्येक आयपी पॅकेट फॉरवर्ड चेनमधून फिरवलं जातं. एआरपी मात्र आयपीटेबल्सकडे जात नाही, म्हणून ते सुटत होतं. डॉकरने सुरू होताना हे मॉड्यूल लोड केलं आणि फॉरवर्डची पॉलिसी ड्रॉप केली. डॉकरने असं करणं योग्यच आहे, नाहीतर कंटेनर चालवणारं प्रत्येक यंत्र नकळत उघडा राउटर बनेल. एकाच होस्टवर डॉकर आणि ब्रिज दोन्ही ठेवले मी, तर ही काळजी घेणं माझ्याकडे होतं.

आता एकेक कोडं सुटलं. होस्टवरून व्हीएम लागत होती, कारण होस्टचं स्वतःचं पॅकेट आउटपुट आणि इनपुट चेनमधून जातं, फॉरवर्डमधून नाही. डीएचसीपी मिळत नव्हतं, कारण व्हीएमची मागणी कार्डापर्यंत पोचण्याआधीच गळत होती. नॅटवाल्या दोन्ही व्हीएम ठीक होत्या, कारण लिबव्हर्ट व्हर्बीआर०साठी परवानगीचे नियम स्वतः घालतं. बीआर० मी हाताने बनवलेला, त्याच्यासाठी कोणीच काही घालत नाही. आणि डॉकरची सेवा थांबवली तरी ना पॉलिसी मागे फिरते, ना मॉड्यूल उतरतं. ७ तारखेची माझी चाचणी म्हणूनच खोटी ठरली.

आजचा हिशेब: चार तास.

१० सप्टेंबर

पॉलिसी परत ड्रॉपवर ठेवली. ती कायमची ॲक्सेप्ट करून मोकळं होणं सोपं होतं, पण मग डॉकरने घातलेलं कुंपणच काढल्यासारखं झालं असतं.

वापरणाऱ्याने घातलेल्या नियमांसाठी डॉकर 'डॉकर-यूझर' नावाची वेगळी चेन ठेवतं आणि तिच्यातल्या त्या ओळींना हात लावत नाही. तिथे एकच नियम हवा: बीआर०मधून येऊन बीआर०मधूनच जाणारं पॅकेट ॲक्सेप्ट. पहिल्यांदा मी तो चेनच्या शेवटी जोडला आणि काहीच झालं नाही. माझ्याकडच्या डॉकरमध्ये त्या चेनच्या शेवटी आधीपासून एक 'रिटर्न' असतो, त्याच्या खालच्या ओळीपर्यंत पॅकेट पोचतच नाही. सुरुवातीला घातला तेव्हा चाललं. टाइप करताना जपा: या आज्ञेत 'आय' दोनदा येतो. मोठ्या लिपीतला म्हणजे नियम आत घाला, लहान लिपीतला म्हणजे पॅकेट ज्या इंटरफेसवरून आलं तो. मी एकदा दोन्ही लहान टाइप करून पाच मिनिटं चुकीचा संदेश वाचत बसले.

दुसरा उपाय म्हणजे ब्रिज-एनएफची सेटिंग ० करणं. तो मी घेतला नाही, कारण तिचा परिणाम होस्टवरच्या सगळ्या ब्रिजवर होतो, डॉकरच्या सुद्धा. तुम्ही तो घेणार असाल तर एक खड्डा सांगून ठेवते. ही ओळ नुसती सिससीटीएलच्या (कर्नलच्या सेटिंगांच्या) फाइलमध्ये लिहून भागत नाही. बूटच्या वेळी ती फाइल वाचली जाते तेव्हा मॉड्यूल लोडच नसतं, सेटिंग अस्तित्वातच नसते, ओळ वाया जाते. नंतर डॉकर मॉड्यूल आणतं आणि किंमत पुन्हा १. त्यामुळे मॉड्यूलचं नाव मॉड्यूल्स-लोडच्या फोल्डरमध्येही घालावं लागतं, ते टप्प्याने आधी होतं.

राहिला एक प्रश्न, जो मला सर्वांत जास्त छळत होता: डॉकर टाकून तीन आठवडे झाले, मग इतके दिवस चाललं कसं? उत्तर जर्नलमध्ये, म्हणजे होस्टच्या लॉगमध्ये, सापडलं. डॉकर फॉरवर्ड पॉलिसी ड्रॉप करतं ते आयपी फॉरवर्डिंग (एका नेटवर्कातलं पॅकेट दुसऱ्यात पाठवणं) त्याने स्वतः चालू केलं तरच. आधीच चालू असेल तर पॉलिसीला हात लावत नाही. डॉकर टाकलं त्या दिवशी लिबव्हर्टचं नॅट नेटवर्क आधीपासून सुरू होतं आणि त्याने फॉरवर्डिंग चालू केलेलं होतं. ६ तारखेच्या रीबूटला डॉकर आधी उठलं, लिबव्हर्ट नंतर. दोघांमध्ये क्रम कुठेच ठरवलेला नाही. म्हणजे पुढच्या रीबूटला कदाचित सगळं आपोआप ठीक झालं असतं आणि त्याच्या पुढच्याला पुन्हा बिघडलं असतं. नशिबाने लगेच शोधलं, नाहीतर मी अपडेटलाच कायमचा दोष देत राहिले असते.

नियम कायम राहावा म्हणून सिस्टिमडीचं (बूटच्या वेळी सेवा सुरू करणाऱ्या व्यवस्थेचं) छोटं युनिट लिहिलं. ते डॉकरनंतर चालतं, कारण त्याआधी डॉकर-यूझर चेन जन्मालाच आलेली नसते. नियम आधीच आहे का ते तपासतं, नसेल तरच घालतं, नाहीतर प्रत्येक रीस्टार्टला एक ओळ वाढेल. लागोपाठ पाच रीबूट केले. त्यांतल्या दोन वेळा डॉकर आधी उठलं, तीन वेळा लिबव्हर्ट. पाचही वेळा लॅपटॉपवरून भांडार लागलं.

आजचा हिशेब: अडीच तास. पाच दिवसांचे मिळून २२. नियम एका ओळीचा.

१४ सप्टेंबर

या धावपळीत जे जे उघडं ठेवलं होतं ते बंद केलं. व्हीएममधलं यूएफडब्ल्यू आठवडाभर बंद राहिलं होतं, ते सुरू केलं. एसएसएचडीचं कॉन्फिग बॅकअपमधल्या मूळ प्रतीशी ताडून पूर्ववत केलं, त्यात मी बदललेल्या दोन ओळी विसरले होते. हाताने दिलेला पत्ता काढला, राउटरकडून ४०च मिळाला. रूटचा पासवर्ड बदलला, पण पुन्हा कुलूप लावलं नाही. तो आता लांबलचक आहे, टीमच्या पासवर्डांच्या तिजोरीत आहे आणि फक्त कन्सोलवर चालतो. डिस्कची ४० जीबीची प्रत आणखी एक आठवडा ठेवते, मग पुसते.

बॅकअपचं काम रोज रात्री नीट होतंय, पण ते होस्टवरून चालतं, त्यामुळे बाहेरची वाट तुटली तर त्याला कळणार नाही. म्हणून दुसऱ्या एका यंत्रावरून दर पाच मिनिटांनी भांडारच्या २२ पोर्टला जोडून पाहणारी तपासणी लावली आहे. काल मुद्दाम नियम काढून बघितला: सहाव्या मिनिटाला चौघांच्या फोनवर संदेश आला. नियम परत घातला.